परदेशी राहून चिनी भाषेचा अभ्यास
(व्यापारी कुटुंबांसाठी काही विचार)

स्मरणिकेत लेख लिहिताना धान्याचे भाव, कर आणि वखारी यांपलीकडे आम्हां व्यापाऱ्यांची लेखणी सहसा जात नाही. यंदा मुद्दाम थोडा दूरचा विषय घेतला आहे. तो दूरचा वाटला तरी आपल्या दुकानापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. शिक्षण संपवून व्यापारात पडू पाहणारी आपली मुले आणि मुली आता विचारतात, "चिनी भाषा पक्की करण्यासाठी एखादे वर्ष तिकडे जाऊन राहू का?" वडीलधाऱ्यांना यावर काय उत्तर द्यावे हे सुचत नाही. खर्च मोठा, देश परका, खाण्यापिण्याची अडचण आणि दोन राष्ट्रांचे संबंध कधी सरळ तर कधी वाकडे. अशा वेळी नुसते "जा" किंवा नुसते "नको" म्हणण्यापेक्षा विषयाचा नीट अभ्यास करावा, या हेतूने हे टिपण सिद्ध केले आहे.

प्रयोजन काय?

भारत आणि चीन यांच्यातील व्यापार अलीकडच्या वर्षांत वार्षिक १०० अब्ज डॉलरच्या वर गेला असून त्यात आपली आयात निर्यातीच्या कितीतरी पट आहे. आपल्या गोमंतकापुरते पाहिले, तर डिचोली तालुक्यातील लोहखनिजाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. प्रारंभी या खनिजाचा मोठा ग्राहक जपान होता. पुढे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कमी प्रतीचे खनिजही चीन उचलू लागला आणि डिचोली, साखळी भागात पैशाचा पूर आला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा तो ओसरलाही. ज्या ग्राहकाच्या मागणीवर एवढे चढउतार झाले, त्याची भाषा जाणणारी माणसे आपल्याकडे किती होती, याचा ज्याने त्याने विचार करावा.

धान्याच्या व्यापारातही हेच आहे. 'चायना राजमा' हे नाव आपल्या पेठेत कोणास नवीन नाही. उलट दिशेने पाहता, बिगर-बासमती तांदूळ चीनला पाठविण्यासाठी २०१८ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला. २०२० च्या डिसेंबरात कित्येक वर्षांच्या खंडानंतर चीनने भारतीय तुकडा तांदूळ घेण्यास सुरुवात केली. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सरकारने तुकड्याची निर्यात थांबविली आणि मार्च २०२५ मध्ये ती बंदी उठली. दरवाजा असा उघडतो आणि मिटतो. उघडा असेल त्या वेळी समोरच्याशी थेट बोलू शकणारा पुढे जातो. दुभाष्याच्या तोंडाकडे पाहत बसणाऱ्याचा तराजू दुसऱ्याच्या हाती असतो.

पूर्वजांचा दाखला

परदेशाची भाषा आणि व्यापार यांची सांगड ही आजची कल्पना नव्हे. उद्द्योतनसूरी यांनी जालोर येथे इ. स. ७७९ मध्ये पूर्ण केलेला 'कुवलयमाला' हा प्राकृत ग्रंथ आपल्यापैकी अनेकांनी नावाने तरी ऐकला असेल. त्यात सोपारा बंदरातील व्यापाऱ्यांच्या मंडळाचे वर्णन आहे. मंडळात जमलेला प्रत्येक जण आपण कोणत्या देशी काय नेले आणि काय आणले ते सांगतो. त्यांत एक जण चीन-महाचीनला जाऊन तेथून रेशमी वस्त्रे घेऊन नफ्यासह परतल्याचे सांगतो. त्याच ग्रंथात अन्यत्र बाजारात जमलेल्या नाना प्रांतांच्या व्यापाऱ्यांच्या बोलींचे नमुने दिलेले असून त्यांत मराठ्यांची बोलीही आहे. व्यापाऱ्याची ओळख त्याच्या मालाइतकीच त्याच्या बोलीने होते, हे त्या आचार्यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

आपल्या वाडवडिलांनीही हेच केले. गुजरात, राजस्थान, बेळगाव, कोल्हापूर अशा ठिकाणांहून गोव्यात आलेली आपली घराणी कोकणी भाषा कोणत्या शाळेत शिकली? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पेडणे-डिचोलीच्या शेतकऱ्यांशी देवघेव करताना ती शिकली. भाषेच्या मुलखात राहून, चुकत, हसे करून घेत शिकलेली भाषा जन्मभर टिकते. हाच नियम चिनीलाही लागू आहे.

गोव्याहून मकावला

चिनी भाषेसाठी परदेशी जाऊन राहण्याचे इतिहासातील एक ठळक उदाहरण आपल्या गोव्याशीच निगडित आहे. मिकेले रुज्जेरी आणि मात्तेओ रिच्ची हे दोन इटालियन जेझुइट पाद्री १५७८ मध्ये गोव्यास पोहोचले. वरिष्ठांच्या आज्ञेने रुज्जेरी १५७९ मध्ये आणि रिच्ची १५८२ मध्ये चिनी शिकण्यासाठी मकावला गेले. मकाव त्या काळी गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अधिकारक्षेत्रात होते आणि ही व्यवस्था १८४४ पर्यंत चालली.

त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. त्याच्याशी आपणांस कर्तव्य नाही. परंतु त्यांची अभ्यासाची रीत पाहण्यासारखी आहे. दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक मिळेना, तेव्हा रुज्जेरी यांनी एका चिनी चित्रकाराकडून धडे घेतले. तो वस्तूचे चित्र काढी, तिचे चिनी नाव उच्चारी आणि अक्षर लिहून दाखवी. पुढे १५८३ मध्ये दोघेही चीनच्या मुख्य भूमीवरील चाओछिंग गावी राहावयास गेले आणि तेथे त्यांनी पोर्तुगीज-चिनी शब्दकोशाचे काम केले. रिच्ची यांनी १५९५ मध्ये चिनी भाषेत जो ग्रंथ रचला त्याचा विषय मैत्री हा होता. परक्या माणसाने आपल्या भाषेत मैत्रीविषयी लिहिलेले वाचून तेथील विद्वान त्यांच्याकडे येऊ लागले. भाषेने प्रथम विश्वास मिळतो, काम त्यानंतर होते, हा बोध व्यापाऱ्याने गाठीस बांधण्यासारखा आहे.

मराठी माणसांची उदाहरणे

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव महाराष्ट्रात व गोव्यात सर्वांस परिचित आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला साह्य करण्यासाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात कोटणीस यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस हे शल्यवैद्य होते, भाषापंडित नव्हते. परंतु ते रणक्षेत्राजवळच्या खेड्यांत, चिनी रुग्ण, सैनिक व विद्यार्थी यांच्यात राहिले. थोड्याच वर्षांत ते चिनी भाषेतून व्याख्याने देऊ लागले. १९४१ मध्ये डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकही त्यांनी चिनीतच लिहावयास घेतले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. 'ख तीह्वा' हे त्यांचे चिनी नाव आजही तिकडे आदराने घेतले जाते.

दुसरे नाव श्री. वसंत वासुदेव परांजपे यांचे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारत सरकारने जे विद्यार्थी चिनी शिकण्यासाठी पेकिंग विद्यापीठात पाठविले त्यांत ते होते. पुढे ते परराष्ट्र सेवेत गेले आणि १९५४ मध्ये पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा त्यांनी दुभाष्याचे काम केले. दोन राष्ट्रांचे प्रमुख बोलत असता मधला शब्द ज्याच्या तोंडून जातो, त्याच्यावर केवढा भार असतो!

आपल्या सांखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी हे चिनीचे नव्हे तर पालीचे विद्यार्थी. पण घरदार सोडून १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपास गेले ते ज्या देशात ही विद्या जिवंत आहे तेथेच ती घ्यावी म्हणून. शाळेचे शिक्षण तुटपुंजे असलेला हा गोमंतकीय पुढे हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंपादनासाठी बोलाविला गेला. पदवी नसली तरी निष्ठेने भाषा साध्य होते, हे आम्हां मॅट्रिक झालेल्यांना दिलासा देणारे उदाहरण आहे.

भाषेचे स्वरूप : व्यापाऱ्याच्या नजरेने

चिनी भाषा अवघड म्हणतात. ती अवघड कोठे आणि आपणांस सोपी कोठे, हे आधी समजून घ्यावे.

पहिली अडचण स्वरांच्या चढउताराची. प्रमाण चिनीत चार स्वर आहेत : एक सरळ उंच, दुसरा वर चढणारा, तिसरा खाली जाऊन वर येणारा आणि चौथा एकदम खाली उतरणारा. अक्षर तेच, पण स्वर बदलला की अर्थ बदलतो. व्यापाऱ्यास यापेक्षा बोलके उदाहरण मिळणार नाही, की 'माइ' हा शब्द तिसऱ्या स्वरात उच्चारला तर 'विकत घेणे' आणि चौथ्या स्वरात उच्चारला तर 'विकणे'! तसेच 'थांग' सरळ स्वरात म्हटले तर सूप, चढत्या स्वरात म्हटले तर साखर. हे पुस्तकातून समजते, परंतु कानात बसत नाही. कान तयार होण्यास तो मुलूखच हवा.

दुसरी गोष्ट संख्यांची. आपण हजारानंतर लाख मोजतो. चिनी माणूस दहा हजारांस 'वान' म्हणतो आणि पुढची मोजणी त्यावर करतो. आपला एक लाख म्हणजे त्याचे दहा वान आणि आपले दहा कोटी म्हणजे त्याचा एक 'यी'. चार आणि दहा यांचे उच्चारही कच्च्या कानास सारखेच वाटतात. वजनात 'चिन' हे त्यांचे माप अर्ध्या किलोचे आहे. पेठेत सांगितलेला भाव चिनाचा की किलोचा, हे न कळता सौदा केला तर हिशेब दुपटीने चुकेल.

आता सोपेपणा पाहू. रोमन अक्षरांत चिनी लिहिण्याची 'पिनयिन' नावाची पद्धत १९५८ मध्ये सरकारने स्वीकारली. त्या अक्षरांवरून आपण ज्यास 'बीजिंग' म्हणतो त्याचा खरा उच्चार 'पेइचिंग' याच्या जवळचा आहे. कारण चिनीत भेद 'प' आणि 'ब' यांचा नाही, तर 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ', 'क' आणि 'ख' यांचा, म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण यांचा आहे. हा भेद इंग्रजांस सायासाने शिकावा लागतो, तो आपणांस बाराखडीतच मिळाला आहे. 'चाक' मधला च आणि 'चिमणी' मधला च हे दोन निरनिराळे उच्चारही मराठी माणसाच्या तोंडी उपजतच असतात आणि चिनीत दोहोंची गरज पडते. शिवाय चिनीत वस्तू मोजताना मध्ये परिमाणाचा शब्द घालावा लागतो. 'दोन पोती तांदूळ', 'चार थान कापड', 'पाच नग' असे दिवसभर बोलणाऱ्या आपल्या गादीवरील मुलांस ही रीत परकी वाटणार नाही. क्रियापदांची रूपे काळ-लिंग-वचनानुसार बदलत नाहीत, हीही मोठी सोय आहे.

लिपीस मात्र कष्ट आहेत. मुख्य चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली अक्षरे चालतात. तैवान, हाँगकाँग व मकाव येथे जुनी अक्षरे चालतात. ज्या मुलखाशी व्यवहार करावयाचा तेथील लिपी आधी धरावी.

घरची तयारी

कोरी पाटी घेऊन परदेशी जाणे म्हणजे मोकळी पोती घेऊन पेठेस जाण्यासारखे आहे. भाडे तेवढेच पडते, माल काही येत नाही. निदान सहा महिने ते एक वर्ष येथेच अभ्यास करावा. शांतिनिकेतनातील चीनभवन १९३७ पासून आणि दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ कित्येक वर्षे ही भाषा शिकवीत आहेत. दूर जाणे शक्य नसेल तर संगणकावरून शिकविणारे शिक्षकही आता मिळतात.

'एचएसके' नावाची चिनी भाषेची सरकारी परीक्षा आहे. २०१० च्या रचनेत तिच्या सहा पातळ्या होत्या : पहिलीस १५०, दुसरीस ३००, तिसरीस ६००, चौथीस १,२००, पाचवीस २,५०० आणि सहावीस ५,००० शब्द. २०२१ मध्ये नऊ पातळ्यांचे नवे मानक जाहीर झाले. जुन्या मापाने सांगावयाचे तर सहाशे शब्द येथे पाठ करून निघावे आणि तेथे वर्षभर राहून बाराशे ते अडीच हजारांची मजल गाठावी. व्यापाराच्या पत्रव्यवहारास एवढा पाया पुरतो.

तेथे कसे राहावे?

पेइचिंग येथील भाषा व संस्कृती विद्यापीठ १९६२ पासून परदेशी विद्यार्थ्यांस चिनी शिकवीत आहे. तैवानमध्ये तैपेई येथील राष्ट्रीय अध्यापन विद्यापीठाचे चिनी भाषा केंद्र १९५६ पासूनचे आहे. १८० दिवसांहून अधिक काळ चीनमध्ये शिकावयाचे असल्यास 'एक्स-१' प्रकारचा व्हिसा लागतो आणि तेथे पोहोचल्यावर ३० दिवसांच्या आत निवासाचा परवाना काढावा लागतो. विद्यार्थी व्हिसावर परवानगीवाचून नोकरी किंवा दलाली करणे हा गुन्हा आहे. "शिकता शिकता थोडा धंदाही पाहून ये," असे कोणाही पालकाने मुलास सांगू नये.

परदेशी राहिल्याने भाषा आपोआप येते ही समजूत खोटी आहे. चार भारतीय मुले एका खोलीत राहिली, हिंदीत बोलली आणि मोबाइलवर घरचे कार्यक्रम पाहत बसली, तर वर्ष संपते आणि चिनी येते ती भाजीवाल्यापुरती. राहणे चिनी कुटुंबात किंवा चिनी सोबत्याबरोबर असावे. सकाळी वर्ग, दुपारी बाजारात तासभर बोलणे, रात्री नवीन अक्षरे हाताने लिहिणे, असा नेम हवा. धान्याची पेठ, गोदी, बँक, टपाल कचेरी यांतील बोलणे कान देऊन ऐकावे आणि ऐकलेले शब्द रोजमेळासारखे वहीत टिपावेत.

आहाराची चिंता आपल्या घरांत सर्वांत आधी निघते आणि ती योग्यच आहे. येथेही भाषाच कामास येते. चिनीत शाकाहारास 'सू' म्हणतात. तेथील बौद्ध परंपरेच्या शाकाहारात कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात आणि अनेक मोठ्या शहरांत मंदिरांच्या जवळ अशी भोजनगृहे आढळतात. कंदमुळे व अळंबी मात्र त्यांना चालतात, म्हणून तेवढे स्पष्ट विचारण्याइतकी भाषा आधीच शिकून जावे. पहिले महिने स्वतः रांधण्याची तयारी ठेवावी. मुलगा असो वा मुलगी, स्वयंपाक येत नसेल तर तो शिकविल्यावाचून पाठवू नये.

भाषेची मर्यादा

भाषा आली म्हणजे सर्व साधले, असेही नव्हे. यीवू हे चीनमधील किरकोळ वस्तूंच्या घाऊक व्यापाराचे मोठे केंद्र. तेथे २०११ च्या अखेरीस एका पेढीच्या थकबाकीवरून मुंबईच्या दोन व्यापाऱ्यांस स्थानिक व्यापाऱ्यांनी डांबून ठेवले. प्रकरण दोन्ही सरकारांपर्यंत गेले आणि भारतीय वकिलातीने यीवूशी व्यवहार करण्याबाबत आपल्या व्यापाऱ्यांस इशारा दिला. पतीची उणीव गोड बोलण्याने भरून निघत नाही. वेळेवर देणे आणि दिलेला शब्द पाळणे, हे ज्याच्याजवळ नाही त्याला चार भाषा आल्या तरी व्यर्थ आहेत.

मात्र भाषा जाणणारा फसवणुकीपासून पुष्कळ अंशी वाचतो. चिनी कंपनीचे कायदेशीर नाव चिनी अक्षरांतच नोंदलेले असते. पत्रावर छापलेल्या इंग्रजी नावास तेथे कायद्याने तसा आधार नाही. सहीपेक्षा कंपनीच्या तांबड्या शिक्क्यास महत्त्व आहे. करार दोन भाषांत असला तर वादाच्या वेळी कोणती प्रत ग्राह्य, हे करारातच लिहून घ्यावे लागते. ही नावे, हे शिक्के आणि ही कलमे वाचू शकणारे एक माणूस घरात असणे, हा वर्षभराच्या शिक्षणाचा रोकडा लाभ होय.

राजकारणाचा धोकाही हिशेबात धरावा. मार्च २०२० मध्ये चीनने सीमा बंद केल्यावर शेकडो मैलांवरून शिकणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांची वर्षे वाया गेली. विद्यार्थी व्हिसा पुन्हा मिळू लागले ते ऑगस्ट २०२२ पासून, आणि थेट विमाने पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणात शाळांसाठी सुचविलेल्या परदेशी भाषांच्या यादीत चिनीचे नाव नाही. म्हणून कर्ज काढून, सारी पुंजी या एका विद्येवर लावू नये. मुलाचे वाणिज्य शिक्षण आधी पुरे व्हावे आणि भाषा ही त्यावरची जोड असावी.

संघापुढे नम्र सूचना

एकेका कुटुंबास जड जाणारी गोष्ट संघाने मिळून केली तर हलकी होते. वर्षाआड एका होतकरू मुलास किंवा मुलीस संघाने बिनव्याजी शिक्षणनिधी द्यावा. तो दान म्हणून नव्हे, तर परत फेडावयाचे ऋण म्हणून द्यावा. निवडीपूर्वी उमेदवाराने येथे सहाशे शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी. परत आल्यावर त्याने दोन वर्षे सभासदांची चिनी पत्रे व करार वाचून द्यावेत आणि आठवड्यातून एक दिवस पुढच्या मुलांचा वर्ग घ्यावा. असे एक माणूस म्हापशात तयार झाले तर त्याचा उपयोग पेडण्यापासून डिचोलीपर्यंत सर्वांस होईल आणि त्याच्या हाताखाली दुसरे, तिसरे तयार होईल.

ज्या पालकांपुढे आज हा प्रश्न उभा आहे त्यांनी मुलास तीन गोष्टी विचाराव्यात. सहाशे शब्द येथेच शिकलास का? तेथे आपल्या माणसांच्या खोलीबाहेर राहण्याची तयारी आहे का? आणि परत येऊन ही विद्या कोणत्या कामास लावणार? तिन्ही उत्तरे ठाम असतील तर मनात किंतु न ठेवता त्यास आशीर्वाद द्यावा. उत्तरे डळमळीत असतील तर एक वर्ष थांबावे. थांबण्याने विद्या नासत नाही, अपुऱ्या तयारीने निघाल्यास मात्र पैसा आणि उमेद दोन्ही खर्ची पडतात.

संघाच्या धुरीणांनी व सभासद बंधुभगिनींनी या सूचनेचा येत्या वार्षिक सभेत विचार करावा, अशी विनंती करून हे टिपण संपवितो. जय जिनेंद्र.